कार्ड, पॉलिसी आणि नागपूरची वाट

जून महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातील कडुनिंबाखाली सौंसर तहसिलीतील एक गृहस्थ आम्हांस भेटले. पाच-सहा एकर जमीन, त्यात संत्र्याची बाग व थोडी कपाशी. घरी वृद्ध आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. त्यांच्या हातात विमा कंपनीचे पत्र होते. गेल्या वर्षापेक्षा हप्ता बराच वाढून आला होता, आणि तो भरण्याची अखेरची तारीख नेमकी पेरणीच्या तोंडावर पडली होती. एका बाजूस बियाणे व खत, दुसऱ्या बाजूस हा हप्ता! "चार वर्षे भरतो आहोत, देवदयेने एकदाही उपयोग झाला नाही. सरकारी दवाखाना आहेच. आता कार्डाचेही लोक बोलतात. मग हा हप्ता भरावा की सोडून द्यावा?" असा त्यांचा प्रश्न होता.

शेजारी त्यांच्या मातोश्री उभ्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "माह्यासाठी काही भरू नोका, त्या पैशात पोरीची फी भरा." तेव्हा सूनबाईंनी हलक्या आवाजात सांगितले की, गेले दोन महिने शेताची चढण चढताना सासूबाईंच्या छातीत कळ येते आहे, आणि खर्च होईल म्हणून त्यांनी ती गोष्ट कोणाला कळू दिली नव्हती.

ज्या घरात म्हातारे माणूस दुखणे लपवू लागते, त्या घरात पैशाचा प्रश्न पैशापुरता उरत नाही. आम्ही त्या गृहस्थांस एवढेच म्हणालो की, हप्त्याचा विचार उद्या करू, आईंना मात्र आजच डॉक्टरांकडे न्या. त्यानंतर आम्ही त्यांचे कागद पाहिले, माहितगार मंडळींस विचारले आणि जे समजले ते त्यांना सांगितले. हाच प्रश्न पांढुर्णा व सौंसरकडील आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असणार, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम पॉलिसीविषयी. आरोग्याचा विमा ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नव्हे. सर्वसाधारण विम्याच्या धंद्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले. त्या सरकारी कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी काढली. आणि १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना हे दार उघडले. विम्याचे तत्त्व चांगलेच आहे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याने त्यातून घ्यावे, हे तर आपल्या भिशीवाल्या बायकांनाही कळते. परंतु कंपनीला नफा हवा असतो, आणि म्हणून दारातून कोण आत येतो याकडे तिचे बारीक लक्ष असते. तरुण व निरोगी माणसाचे स्वागत होते. वय वाढले की हप्ता वाढतो. आणि अंगात आधीच रोग असला तर त्या रोगाच्या खर्चासाठी काही काळ थांबावे लागते. हा थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, 'तुम्ही अमुक रोग सांगितला नव्हता' या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, असाही नियम त्याच वर्षी झाला. व्यक्तिगत आरोग्यविम्यावर १८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. या गोष्टी ग्राहकाच्या हिताच्याच होत.

तथापि पॉलिसीतील बारीक अक्षरे वाचल्यावाचून सही करू नये. एकच उदाहरण देतो. समजा, तुमच्या पॉलिसीत खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत मान्य आहे आणि तुम्ही १०,००० रुपयांची खोली घेतली. तुम्हांस वाटेल की वरचे ५,००० रुपये तेवढे आपण भरू. तसे नसते. पुष्कळ पॉलिसींत डॉक्टरांचे, शस्त्रक्रियेचे व शुश्रूषेचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मान्य होते. हे शुल्क ८०,००० रुपये झाले असेल तर त्यातील ४०,००० तुमच्या अंगावर येतात. घाबरलेला मुलगा आईला चांगली खोली मिळावी म्हणून हो म्हणतो, आणि घरी परतताना त्याला कळते की आपल्या मायेची किंमत दुप्पट झाली.

आता कार्डाविषयी. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार तीत मिळतो. हप्ता नाही, कुटुंबात माणसे किती यावर मर्यादा नाही, जुना रोग असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. खर्चाचा वाटा केंद्राने ६० व राज्याने ४० असा उचलावयाचा आहे. कोण पात्र, हे मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ठरले. मध्य प्रदेशात संबल योजनेतील आणि रेशनची पात्रता-पर्ची असलेल्या कुटुंबांनाही त्यात घेतले आहे. आमच्या या गृहस्थांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. पाच-सहा एकरांचा बागाईतदार गरिबांच्या यादीत बसत नाही, आणि नागपूरच्या खासगी रुग्णालयाचे बिल त्याला झेपत नाही. दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत अशी हजारो कुटुंबे उभी आहेत. पॉलिसीचा विचार त्यांनाच करावा लागतो.

परंतु एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती आमच्या सर्व वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न किंवा जमीन कितीही असो, या योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' नावाचे वेगळे कार्ड निघते. ते आधारवरून मोफत बनते. आणि घरची खासगी पॉलिसी असली तरी त्याला अडचण नाही. ज्या कुटुंबांची नावे आधीपासून यादीत आहेत त्यांच्या वृद्धांना हे ५ लाख निराळे मिळतात. आमच्या गृहस्थांच्या मातोश्रींचे आधारवरील वय ७२. हप्ता वाढला होता तो प्रामुख्याने त्यांच्या वयामुळे. आणि त्यांच्याच हक्काचे कार्ड दोन वर्षे कोणी काढले नव्हते!

येथे आमच्या भागाची एक खास अडचण आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५६ पूर्वी आपला छिंदवाडा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण नुसते 'मेडिकल' म्हणतो, १९४७ साली निघाले ते मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात. आणि त्या प्रांतात पांढुर्णाही होते व सौंसरही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि आपली राजधानी झाली भोपाळ. नकाशा बदलला, रोग्याची वाट बदलली नाही. सौंसरहून नागपूर पाऊणशे किलोमीटरच्या आत, पांढुर्ण्याहून सुमारे शंभर. भोपाळ मात्र पांढुर्ण्याहून अडीचशेहून अधिक. छिंदवाड्यास २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तरीही प्रसंग कठीण आला की घरातील वडील माणूस गाडीवाल्यास 'नागपूर' असेच सांगतो.

घटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांकडे दिला आहे. म्हणून महाराष्ट्र सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे. आपली भाषा तीच असली तरी आपल्याला ती लागू नाही. आयुष्मान कार्ड मात्र केंद्राच्या योजनेचे असल्याने योजनेशी संलग्न असलेल्या दुसऱ्या राज्यातील रुग्णालयातही चालते. तेव्हा नागपूरला निघण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ते रुग्णालय योजनेत आहे काय, आणि आपल्या रोगाचा विभाग त्यात धरला आहे काय? हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते, आणि रुग्णालयात पोहोचताच प्रथम 'आयुष्मान मित्रा'च्या टेबलाशी जावे. पाटी मोठी आहे म्हणून आत शिरलेले आणि मग शेतावर कर्ज काढून बाहेर पडलेले लोक आम्ही पाहिले आहेत. पॉलिसीवाल्यांनीही कॅशलेसची सोय त्या रुग्णालयात आहे की नाही, हे असेच आधी पाहावे.

आता त्या मातोश्रींचे काय झाले ते सांगतो. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या. रक्तदाब बराच चढलेला होता, आणि हृदयाला रक्त कमी पुरत असल्याची लक्षणे होती. वेळेवर आल्या म्हणून भरती व्हावे लागले नाही. रोज घ्यावयाच्या गोळ्या आणि ठरावीक मुदतीने तपासणी, एवढ्यावर भागले. आम्हां सर्वांना समाधान वाटले. पण वाचकहो, हिशेब पाहा. डॉक्टरांची फी, कार्डिओग्राम, रक्ताची तपासणी, गोळ्या आणि गाडीभाडे यांपैकी एकही पैसा पॉलिसीने दिला नाही, आणि कार्ड असते तरी त्यानेही दिला नसता. कारण कार्ड काय किंवा बहुतेक पॉलिसी काय, दोन्ही जाग्या होतात त्या रुग्ण खाटेवर भरती झाल्यावर. कार्ड भरतीपूर्वीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस पाहते. पॉलिसी आणखी काही दिवस पाहते. परंतु रक्तदाब व मधुमेह असे तिथीवार पाहून येत नाहीत. ते माणसाच्या संगतीने जन्मभर चालतात, आणि त्यांच्या गोळ्या दर महिन्याला लागतात.

या गोळ्या गावाजवळ फुकट मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र. तेथे डॉक्टर असला, औषधांचे कपाट भरलेले असले, तर ती माउली महिन्याला एकदा जाऊन गोळ्या आणील, आणि नागपूरची वाट कदाचित तिला कधीच धरावी लागणार नाही. तेथे कुलूप असले किंवा 'गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर मिळाले, तर ती गोळ्या सोडून देईल; आणि मग एके दिवशी कार्डाचे पाच लाख खरोखरच लागतील. म्हणून आम्ही म्हणतो की कार्ड आणि पॉलिसी यांतील श्रेष्ठ कोण, या वादात जवळचा दवाखाना विसरला जाऊ नये. तो चालता असेल तर या दोन्हींवरचा भार हलका होतो. तो बंद असेल तर दोन्हींना शेवटच्या क्षणीच धावावे लागते.

दुसरीही एक गोष्ट आहे, जी लिहिताना लेखणी जड होते. सप्टेंबर व ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यत्वे परासिया भागात, खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्याने मुलांची मूत्रपिंडे बंद पडली. त्यांतील बहुतेकांना आईबापांनी उचलून आणले ते नागपूरलाच. त्या आईबापांपैकी कोणाकडे पॉलिसी असती, कोणाकडे कार्ड असते, तर बिलाचा भार हलका झाला असता. मुलाच्या पोटात गेलेली बाटली कोणी परत घेतली नसती. बाजारात येणारे औषध तपासणे, विहिरीच्या पाण्याची परीक्षा करणे, ताप वाढतो आहे हे वेळीच ओळखणे, ही कामे कोणतीही विमा कंपनी करीत नाही व करणारही नाही. ती सर्वांच्या पैशाने, सर्वांसाठीच करावी लागतात.

हा विचार काही नवा नाही. नाशिकात जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली एक समिती नेमली गेली. तिने १९४६ च्या अहवालात सांगितले की पैसे देता येत नाहीत एवढ्या कारणाने कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि त्यासाठी खेड्याजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रांची साखळी उभारावी. आज आपल्या भागात जी केंद्रे दिसतात त्यांचे मूळ तेथे आहे. इंग्लंडने ५ जुलै १९४८ पासून करांच्या पैशातून सर्वांना उपचार देण्यास आरंभ केला. जर्मनीने त्याहून पुष्कळ आधी, १८८३ साली, मजूर व मालक या दोघांच्या वर्गणीतून कायद्याने आजारविमा चालू केला. आपल्याकडील कामगार राज्य विमा त्याच जातीचा: कायदा १९४८ चा, प्रारंभ १९५२ चा. ज्या कारखान्यांना तो लागू आहे तेथे २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या कामगाराकडून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जातात, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारही मिळतो. बोरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात आहे काय, हे अवश्य पाहावे. कोठे कर, कोठे वर्गणी, अशा वाटा वेगळ्या असल्या तरी या सर्व व्यवस्थांत निरोगी आणि रोगी, तरुण आणि वृद्ध एकाच गाडीत बसतात. म्हाताऱ्याचे भाडे त्याच्या वयावरून ठरत नाही.

आपला देश या वाटेवर कोठवर आला? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील एकूण खर्चाच्या दर १०० रुपयांतील ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. ही सुधारणा खरीच आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेऊ असे २०१७ च्या आरोग्य धोरणाने म्हटले होते. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांच्याही खाली, म्हणजे १.८४ टक्के होता.

पांढुर्ण्याच्या लोकांना आम्ही एक आठवण देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. शेकडो डोकी फुटतात. त्या दिवशी नदीकाठी तात्पुरते दवाखाने उभे राहतात, डॉक्टर येतात, रुग्णवाहिका उभ्या असतात. रक्ताळलेल्या माणसास टाके घालण्यापूर्वी कोणी त्याची पॉलिसी मागत नाही. दगडांच्या एका दिवसासाठी जे जमते, ते उरलेल्या दिवसांसाठी जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये.

असो. त्या गृहस्थांस आम्ही जो सल्ला दिला तोच येथे थोडक्यात देतो. मातोश्रींचे वय वंदना कार्ड या आठवड्यातच काढावे. ते हाती येईपर्यंत आणि ते कोणत्या रुग्णालयात चालेल याची खात्री होईपर्यंत पॉलिसीतून त्यांचे नाव काढू नये. एकदा नाव निघाले की या वयात व या रोगासह ते पुन्हा घालणे कठीण, आणि चार वर्षे थांबून मिळविलेला हक्कही जातो. वार्षिक हप्ता चुकल्यास ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत संरक्षण असतेच असे नाही. म्हणून कंपनीस हप्ता तुकड्यांनी घेण्याविषयी विचारावे. रोग लपवून अर्ज भरू नये. लपविलेला रोग नेमक्या बिलाच्या दिवशी उघडा पडतो. दावा अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे व नंतर भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रार करावी. तेथे वकील लागत नाही व पैसेही पडत नाहीत. आणि पुढच्या ग्रामसभेत उठून तीनच प्रश्न विचारावेत: आपल्या केंद्रात डॉक्टर कोणकोणत्या दिवशी असतो? रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर पुरतात काय? रात्री रुग्णवाहिका किती वेळात येते? उत्तरे कार्यवाहीच्या वहीत लिहून घ्यावीत, आणि पुढच्या सभेत तीच पुन्हा विचारावीत.

गृहस्थांनी हप्ता दोन भागांत भरण्याचे ठरविले. कार्डही निघाले. ते घेऊन मातोश्री पुन्हा त्याच कडुनिंबाखाली आम्हांस भेटल्या आणि पदराच्या गाठीतून काढून त्यांनी ते दाखविले. आम्ही त्यांना म्हणालो, "आजी, कार्ड जपून ठेवा. पण छातीत कळ आली, तर ती मात्र जपून ठेवू नका. सुनेला लगेच सांगा." आमच्या सर्व वडीलधाऱ्या वाचकांस हीच विनंती आहे.